५२ आठवड्यांचा हिशेब : महिला टेनिसच्या कारकिर्दीबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत फोरहँड-बॅकहँडचे प्रश्न अगदी थोडे आहेत. बहुतेकांनी क्रमवारी, पैसा, मनगट आणि औषधे यांबद्दल विचारले आहे, आणि ते योग्यच आहे. जागतिक क्रमवारीत साधारण १५० ते ६०० या पट्ट्यातल्या मुली चेंडू जवळपास सारखाच मारतात. त्यांतली कोण पुढे सरकते, हे पुष्कळदा कोर्टाबाहेर ठरते. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

मुलगी १५ वर्षांची आहे, आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) ज्युनियर क्रमवारीत पहिल्या तीनशेत आहे. ज्युनियर स्पर्धा सोडून तिला थेट व्यावसायिक स्पर्धा खेळवाव्यात का?

सोडू नका. मनात आणले तरी पूर्णपणे सोडता येणार नाहीत, कारण वयाचा नियम आडवा येतो. १४ वर्षे पूर्ण होण्याआधी व्यावसायिक स्पर्धा खेळता येत नाही. त्यानंतरही मर्यादा आहेच : १४व्या वर्षी ८, १५व्या वर्षी १०, १६व्या वर्षी १२ आणि १७व्या वर्षी १६ स्पर्धा. चांगल्या कामगिरीवर काही जास्तीच्या स्पर्धा मिळतात. मोजणी एका वाढदिवसापासून पुढच्या वाढदिवसापर्यंत होते, कॅलेंडर वर्षाप्रमाणे नाही. इथे पालकांची हमखास गफलत होते. जेनिफर कॅप्रियाटी १९९० मध्ये तेराव्या वर्षी व्यावसायिक झाली आणि पुढे काही वर्षांतच तिच्यावर खेळापासून दूर जाण्याची वेळ आली. त्यानंतर, १९९५ पासून, हे निर्बंध आले.

म्हणजे तुमच्या मुलीकडे वर्षाला दहाच संधी आहेत. डब्ल्यू १५ आणि डब्ल्यू ३५ या सर्वांत खालच्या पातळीच्या व्यावसायिक स्पर्धांत ज्युनियर क्रमवारीतल्या पहिल्या शंभर मुलींसाठी काही जागा राखीव असतात. त्यामुळे तीनशेवरून शंभरात येणे हाच तिच्यासाठी व्यावसायिक स्पर्धांचा जवळचा रस्ता आहे. दहापैकी सहा स्पर्धा तीन-तीनच्या दोन गटांत खेळवा आणि चार हाताशी राखा, म्हणजे क्रमांक सुधारल्यावर त्या वरच्या पातळीवर वापरता येतील. कोको गॉफ १५व्या वर्षी पात्रता फेरीतून आली आणि २०१९च्या विम्बल्डनमध्ये तिने व्हीनस विल्यम्सला हरवले, हे उदाहरण प्रत्येक पत्रात असते. त्यावरून वेळापत्रक आखू नका.

मी १७ वर्षांची आहे. पहिली डब्ल्यू १५ स्पर्धा खेळायची आहे. प्रवेशिका कशी भरायची?

आधी आयटीएफचा आयपिन, म्हणजे खेळाडूचा नोंदणी क्रमांक, काढ. त्याशिवाय नावच घेतले जात नाही. त्यासोबत सामनेनिश्चितीविरोधी ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. ते रेंगाळत ठेवलेस तर ऐनवेळी प्रवेशिका अडेल.

प्रवेशिकेची मुदत स्पर्धेच्या सोमवारच्या १८ दिवस आधी, गुरुवारी, ग्रीनिच वेळेनुसार दुपारी २ वाजता संपते. एकाच आठवड्यातल्या सहापर्यंत स्पर्धांत नाव देता येते, मात्र पसंतीक्रम लिहावा लागतो. नाव मागे घेण्याची मुदत १३ दिवस आधी, मंगळवारी, त्याच वेळेला. ती टळली की दंड आणि इतर निर्बंध मागे लागतात. आपल्या घड्याळात ग्रीनिचची दुपार कधी होते, हे एकदा नीट बघून फोनमध्ये गजर लावून ठेव. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

दुसरी अडचण व्हिसाची. स्वीकृतीची यादी लागल्यावर अर्ज केलास तर वेळ पुरत नाही. म्हणून नव्या मुली तुनिसियातले मोनास्तिर, तुर्कीतले अंताल्या किंवा इजिप्तमधले शर्म अल शेख अशी ठिकाणे निवडतात. तिथे एकाच आवारात लागोपाठ कित्येक आठवडे स्पर्धा होतात. एकच व्हिसा, एकच विमान प्रवास, आणि पहिल्या आठवड्यात लवकर हरलीस तरी दुसरा आठवडा समोर असतोच.

गेल्या वर्षी याच सुमारास मी डब्ल्यू ३५ जिंकले. या वर्षी त्याहून मोठ्या स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरी गाठली, तरी क्रमांक घसरला. हे कसे?

क्रमवारी वर्षभराची बेरीज नसते. ती मागच्या ५२ आठवड्यांची खिडकी असते आणि दर आठवड्याला पुढे सरकते. मिळालेले गुण वर्षभरच तुमच्या नावावर राहतात. डब्ल्यू ३५च्या विजेतेपदाचे ३५ गुण त्या सोमवारी गेले. डब्ल्यू ५०च्या उपांत्यपूर्व फेरीचे ११ आले. निव्वळ तोटा २४ गुणांचा. सहाशेच्या आसपास गुण इतके दाटीवाटीने असतात, की २४ गुणांत खेळाडू बऱ्याच जागा खाली येते.

दुसरा भाग बहुतेकींच्या लक्षात येत नाही. एकेरीत सर्वोत्तम १८ निकाल धरले जातात. तुम्ही वर्षात १४ स्पर्धा खेळला असाल तर प्रत्येक गुण मोजला जातो आणि एखादी जास्त स्पर्धा खेळल्याने नुकसान होत नाही. पण २४ खेळला असाल आणि तुमचा अठरावा निकाल ४ गुणांचा असेल, तर डब्ल्यू ३५ मध्ये एक सामना जिंकून मिळणारे ४ गुण कुठेच जमा होत नाहीत. तो आठवडा, तो प्रवास, खांद्यावरचा तो ताण, सगळे फुकट. म्हणून वहीत दोन रकाने ठेवा : येत्या आठ आठवड्यांत कोणत्या सोमवारी किती गुण जाणार, आणि सध्याचा अठरावा निकाल किती गुणांचा आहे. स्पर्धा निवडताना दुसरा आकडा आधी बघा.

पातळीचेही गणित मांडून बघा. स्पर्धेच्या नावातला आकडा म्हणजे विजेतीचे गुण. डब्ल्यू १५ जिंकायला पाच सामने जिंकावे लागतात आणि १५ गुण मिळतात. उपविजेतीला १०, उपांत्य फेरीला ६. पहिल्या फेरीत हरलात तर शून्य. याउलट डब्ल्यू ७५ मध्ये दोनच सामने जिंकून उपांत्यपूर्व फेरी गाठली, की १६. डब्ल्यू १०० मध्ये त्याच फेरीला २१. अर्थात तिथे समोर येणारी मुलगी वेगळ्या दर्जाची असते. पण आमचे स्पष्ट मत असे : डब्ल्यू १५ मध्ये सलग दोनदा उपांत्य फेरी गाठली, की तिथे मुक्काम वाढवू नये. चषकांची संख्या वाढते, क्रमांक तिथेच राहतो.

क्रमवारीत पहिल्यांदा नाव येण्यासाठी तीन स्पर्धांत गुण हवेत, किंवा एकूण किमान १० गुण हवेत.

टेनिसवर पोट कधी भरते?

ग्रँड स्लॅमच्या पात्रता फेरीत नियमित जागा मिळू लागली, की खर्च भागायला लागतो. त्याआधी बहुतेकींना घरचा, संघटनेचा किंवा प्रायोजकाचा आधार लागतो.

कारण उघड आहे. डब्ल्यू १५ मध्ये सगळ्या स्पर्धेची, दुहेरी धरून, बक्षीस रक्कम १५,००० डॉलर असते. एकेरीच्या विजेतीला त्यातला साधारण सातवा हिस्सा मिळतो. पहिल्या फेरीत हरणारीच्या हाती दोनशे डॉलरसुद्धा पडत नाहीत. २०२५च्या विम्बल्डनमध्ये मुख्य फेरीचा पहिलाच सामना हरणाऱ्या खेळाडूला ६६,००० पौंड होते आणि पात्रतेच्या पहिल्या फेरीत हरणारीला १५,५००. वर्षातून चार वेळा पात्रता फेरी खेळायला मिळाली, तर त्या चार आठवड्यांवर उरलेल्या वर्षाचा प्रवास चालतो.

मुख्य फेरीत १२८ जागा असतात : १०४ थेट क्रमवारीवर, १६ पात्रता फेरीतून, ८ वाइल्ड कार्डने, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या थेट प्रवेशाने. पात्रता फेरीतही १२८ जणी असतात आणि तीन सामने जिंकावे लागतात. तिथल्या प्रवेशाची रेषा साधारण २३०व्या क्रमांकाच्या आसपास पडते, थोडी वरखाली होते. मुख्य फेरीची यादी सहा आठवडे आधीच्या क्रमवारीवर आणि पात्रतेची चार आठवडे आधीच्या क्रमवारीवर बनते. म्हणजे विम्बल्डन जूनअखेर असले तरी तिथल्या मुख्य फेरीसाठीची धडपड मेच्या मध्यातच संपलेली असते.

जाहीर झालेली रक्कम पूर्ण हातात येत नाही. यजमान देश कर आधीच कापतो. त्याचे प्रमाणपत्र त्याच आठवड्यात मागून घ्या, नाहीतर मायदेशी त्याच रकमेवर पुन्हा कर भरायची पाळी येते. मग प्रशिक्षकाचे मानधन. ते बहुधा आठवड्याच्या ठरावीक रकमेवर आणि बक्षिसातल्या टक्क्यांवर ठरते. टक्के एकूण रकमेवर की कर वजा जाता, हे लेखी ठरवा. हा वाद आम्हाला आलेल्या पत्रांत वरचेवर दिसतो. गटिंगचा, म्हणजे रॅकेटला तारा ओवून घेण्याचा, खर्च लोक विसरतात. सामन्याला दोन-तीन रॅकेट ताज्या लागत असतील, तर महिन्याची बेरीज एखाद्या विमान तिकिटाएवढी होते. गटिंग मशीन परवडत असेल तर स्वतः शिका.

दुहेरी खेळल्याने एकेरीचे नुकसान होते का?

खालच्या स्तरावर नाही. एकेरीत सोमवारीच हरलात तरी आठवड्यात आणखी दोन सामने मिळतात, सर्व्हिस आणि नेटवरचा खेळ दबावाखाली तपासला जातो, आणि बक्षिसाने निदान खोलीचे भाडे निघते. वर गेल्यावर निवड करावी लागते. सानिया मिर्झा २००७ मध्ये एकेरीत २७व्या क्रमांकावर होती. पुढच्या वर्षी मनगटावर शस्त्रक्रिया झाली. २०१३ पासून तिने फक्त दुहेरीवर लक्ष दिले आणि एप्रिल २०१५ मध्ये ती दुहेरीत जगात पहिली आली. मात्र दुहेरीची क्रमवारी वेगळी, बक्षीस कमी आणि जोडीदारावर अवलंबून राहणे आले.

दोन्ही हातांनी बॅकहँड मारते. उजव्या हाताची खेळाडू असूनही डाव्या मनगटात, करंगळीच्या बाजूला दुखते.

दोन हातांच्या बॅकहँडमधले हे नेहमीचे दुखणे. फटक्याच्या शेवटी वरचा, म्हणजे डावा, हात वळतो आणि करंगळीकडच्या स्नायुबंधावर ओढ बसते. चेंडू शरीराच्या मागे, उशिरा लागत असेल तर ओढ वाढते. हात फिरवताना कट असा आवाज येत असेल, किंवा विश्रांती घेऊन दहा दिवसांत फरक पडला नसेल, तर सोनोग्राफी किंवा एमआरआय करून घ्या. वेदनाशामक गोळी घेऊन खेळू नका. दुखणे दडते आणि इजा वाढत राहते.

कारण शोधताना आधी रॅकेट बघा. पॉलिएस्टरची गट (तार) तुटत नाही म्हणून तीच महिनाभर वापरणे, ही चूक इतकी सर्रास होते की काही विचारू नका. तिचा ताण पहिल्या काही तासांतच उतरू लागतो. १० ते १५ तासांच्या खेळानंतर ती मेलेली असते : चेंडूला धक्का देत नाही, सगळा धक्का हाताकडे पाठवते. मग खेळाडू जोर लावते आणि मनगट आणखी बिघडते. तुटली नाही तरी कापून टाका. दुखत असताना ताण एक ते दोन किलोने कमी करा. तुम्ही २५ किलोवर असाल तर २३-२४ चालेल. उभ्या तारा मऊ मल्टिफिलामेंटच्या आणि आडव्या पॉलिएस्टरच्या, अशी मिश्र गटिंग करून पाहा.

रॅकेट अलीकडेच बदलली का? २८५ ग्रॅमवरून एकदम ३०५ वर गेलेल्या मुलींची मनगटे आणि खांदे सहा आठवड्यांत कुरकुरू लागतात. वजन वाढवायचेच असेल तर शिशाची पट्टी २-३ ग्रॅम इतकीच लावत, दर दोन-तीन आठवड्यांनी वाढवा. शेवटचे कारण तुमच्या हातात नसते : दर आठवड्याला बदलणारे चेंडू. नव्या स्पर्धेचे चेंडू कोणते, हे आधी विचारून निदान तीन दिवस त्यावर सराव करा आणि पहिल्या दिवशी निम्मीच सर्व्हिस मारा.

मोसम सुरू झाल्यापासून चार महिने मुलीची पाळी आलेली नाही. प्रशिक्षक म्हणतात, खेळाडूंमध्ये असे होतेच.

असे होते हे खरे. ते ठीक आहे, हे खोटे. सलग तीन महिने पाळी चुकली तर डॉक्टरांकडे जायचे. गर्भधारणा आणि थायरॉइडसारखी कारणे तपासून झाली, की पहिला संशय असतो तो खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या मानाने कमी खाण्यावर. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ पासून या अवस्थेला रेड-एस असे नाव दिले आहे. इस्ट्रोजेन घटते, हाडे ठिसूळ होतात, आणि मग पाऊल, नडगी किंवा कमरेच्या मणक्यात बारीक भेग पडते. तीन-चार महिने कोर्टाबाहेर. बरोबरीची लक्षणे बघा : सामना झाल्यावर दोन दिवस न जाणारा थकवा, सारखी सर्दी, झोप उडणे, वजन मात्र तेवढेच.

फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), ड जीवनसत्त्व आणि हार्मोन्सच्या तपासण्या करा. डॉक्टरांनी सांगितले तर हाडांच्या घनतेचीही. सरावाच्या जड आठवड्यांत वजन कमी करण्याचा कार्यक्रम पूर्ण बंद. लांबलेल्या सामन्यात तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात गेली पाहिजेत आणि सामना संपल्यावर भूक नसली तरी तासाभरात खाणे झाले पाहिजे. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना येणारा रक्तस्राव हा पाळी सुरळीत असल्याचा पुरावा नाही. गोळ्यांमुळे खरा प्रश्न झाकला जातो. आणि प्रशिक्षक हा विषय झटकून टाकत असतील, तर बोलणी त्यांच्याशी नाही, डॉक्टरांशी करा. हा विषय कुजबुजण्याचा राहिलेला नाही. विम्बल्डनसारख्या सोवळ्या स्पर्धेनेही २०२३ पासून पांढऱ्या स्कर्टच्या आत गडद शॉर्ट्स घालायला परवानगी दिली आहे.

सर्दीचे औषध आणि प्रोटीन पावडर घेताना नेमकी काय काळजी घ्यावी?

नियम कडक आहे : शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, ते कसे आले हा नंतरचा प्रश्न. सारा एर्रानीच्या नमुन्यात लेट्रोझोल सापडले. तिचे म्हणणे होते की आईचे कर्करोगाचे औषध चुकून जेवणात पडले. तरी शेवटी दहा महिन्यांची बंदी बसली. इगा श्वियाँतेक २०२४ मध्ये भेसळ असलेल्या मेलाटोनिनमुळे अडकली. ते दूषित होते हे सिद्ध करता आले, म्हणून एका महिन्यावर निभावले. सिमोना हालेपची चार वर्षांची शिक्षा लवादाने नऊ महिन्यांवर आणली, पण तो निकाल येईपर्यंत तिचे सुमारे दीड वर्ष गेले होते.

म्हणून पूरक पदार्थ शक्यतो नकोच. घ्यायचेच तर ज्या बॅचची स्वतंत्र प्रयोगशाळेत तपासणी झाली आहे तेच घ्या. पावती, बॅच क्रमांकाचा फोटो आणि डब्याच्या तळाशी थोडा नमुना राखून ठेवा. श्वियाँतेकसारखा बचाव अशा पुराव्यांवरच उभा राहतो. सर्दीच्या गोळीत स्यूडोएफेड्रिन आहे का पाहा. स्पर्धेच्या काळात ठरावीक प्रमाणापलीकडे ते निषिद्ध आहे. दम्याच्या पंपालाही मात्रेची मर्यादा असते. चाचणीच्या फॉर्मवर मागच्या सात दिवसांत घेतलेली प्रत्येक गोष्ट लिहा, अगदी झोपेची गोळीसुद्धा.

उत्तेजक चाचणीसाठीच्या नोंदणीकृत गटात नाव आले, की दररोज ६० मिनिटांची एक वेळ आणि जागा कळवावी लागते. १२ महिन्यांत तीन चुका झाल्या तर तोही नियमभंगच. विमान रद्द झाले की आधी कळवलेले ठिकाण बदला, मग हॉटेल शोधा.

पहिला गेम हरायचे पैसे देतो, असा संदेश आला. दुर्लक्ष करू का?

नाही. उत्तर देऊ नका, संदेश पुसू नका, स्क्रीनशॉट काढा आणि लगेच आंतरराष्ट्रीय टेनिस सचोटी संस्थेला, म्हणजे आयटीआयएला, कळवा. न कळवणे हाही गुन्हा आहे. कोण जखमी आहे, ही माहिती बाहेर देणेही त्यातच येते, आणि हे नियम प्रशिक्षक व घरच्यांनाही लागू आहेत.

बाळंतपण किंवा मोठ्या दुखापतीनंतर जुना क्रमांक मिळतो का?

क्रमांक मिळत नाही, प्रवेश मिळतो. दुखापतीमुळे किमान २६ आठवडे बाहेर राहिलात, तर अर्ज करून विशेष क्रमवारी (थांबण्याआधीचा क्रमांक, फक्त प्रवेशापुरता) घेता येते आणि ती मोजक्या स्पर्धांच्या प्रवेशासाठी वापरता येते. गर्भधारणेसाठी २०१९ पासून नियम उदार झाले : बाळाच्या जन्मानंतर तीन वर्षांपर्यंत ती वापरता येते, १२ स्पर्धांसाठी. २०२५ पासून डब्ल्यूटीएचा (महिला टेनिस संघटनेचा) मातृत्व निधीही आहे. त्यातून पात्र खेळाडूंना १२ महिन्यांपर्यंत पगारी रजा मिळते.

चूक होते ती वापरण्यात. प्रवेश मिळतोय म्हणून पहिल्याच महिन्यात मोठ्या स्पर्धा खेळल्या, की चार पराभवांत चार संधी संपतात आणि खरी क्रमवारी शून्याजवळच राहते. आधी वाइल्ड कार्डवर छोट्या स्पर्धांत आठ-दहा सामने खेळा. विशेष क्रमवारी ग्रँड स्लॅम आणि १००० गुणांच्या स्पर्धांसाठी राखा. किम क्लायस्टर्सने २००९ मध्ये पुनरागमनाच्या तिसऱ्याच स्पर्धेत अमेरिकन ओपन जिंकली, पण त्याआधी ती जगात पहिली होती हे विसरू नका.

विद्यापीठात गेले तर वय निघून जाईल का?

डॅनिएल कॉलिन्स व्हर्जिनिया विद्यापीठातून २०१६ मध्ये बाहेर पडली आणि २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम फेरीत खेळली. एमा नव्हारोही तिथलीच. १८व्या वर्षी पहिल्या तीनशेत नसाल, तर शिष्यवृत्तीवर रोज दर्जेदार सामने, फिजिओ आणि जिम मिळणे हा आमच्या मते तोट्याचा सौदा नाही. बक्षीस रक्कम स्वीकारण्याबाबतचे नियम सध्या बदलत आहेत, तेव्हा एकही धनादेश वटवण्याआधी विद्यापीठाकडून लेखी उत्तर घ्या.

२६ वर्षांची आहे, क्रमांक ४०० च्या आसपास. थांबावे का?

वयावरून ठरवू नका. फ्लाविया पेनेत्ताने अमेरिकन ओपन ३३व्या वर्षी जिंकली. तात्याना मारियाने २०२५ मध्ये ३७व्या वर्षी, पात्रता फेरीतून येऊन, लंडनची क्वीन्स स्पर्धा जिंकली. तीन आकडे तपासा : मागच्या दोन वर्षांत पहिल्या २५० मधल्या खेळाडूंविरुद्ध किती सामने जिंकलात, किती आठवडे दुखापतीत गेले, आणि पुढच्या १८ महिन्यांचा खर्च हातात आहे का. पहिला आकडा वाढत असेल तर खेळा. तिन्ही उलटे असतील तर थांबा.

थांबायचे दोन प्रकार आहेत. अॅश बार्टी २०१४ मध्ये बाजूला झाली, क्रिकेट खेळली, २०१६ मध्ये परतली आणि २०१९ मध्ये जगात पहिली आली. मन साशंक असेल तर नुसते खेळणे थांबवा, निवृत्तीचा अर्ज भरू नका. उत्तेजक चाचणी गटातून निवृत्ती घेतली, तर परत यायचे ठरवल्यावर सहा महिने आधी कळवून चाचण्यांसाठी उपलब्ध राहावे लागते, आणि तोवर स्पर्धा खेळता येत नाही.